महाराष्ट्रातील नोंदणीवर इंदूरमध्ये दवाखाना चालवता येईल का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी एमबीबीएस डॉक्टर आहे आणि माझी कायमची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे 2021 मध्ये झालेली आहे. लग्नानंतर मी इंदूरला आले असून, माझ्या चुलत सासऱ्यांचा रामबागेतील दवाखाना यापुढे मी सांभाळावा असे घरात ठरले आहे. काकांची नजर अधू झाल्यामुळे त्यांना आता हे काम झेपत नाही. ज्यांनी दुसऱ्या राज्यातील नोंदणी मध्य प्रदेशात आणली आहे अशा डॉक्टरांनी आणि या विषयातल्या वकिलांनी कृपया उत्तर द्यावे.

माझा मुख्य प्रश्न असा की, भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलमध्ये माझे नाव चढेपर्यंत मला येथे रुग्ण तपासता येतील का? राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, 2019 चे कलम 34 मी लक्षपूर्वक वाचले. ज्या व्यक्तीचे नाव राज्य नोंदवहीत किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाही, तिला डॉक्टर म्हणून व्यवसाय करता येत नाही आणि आजारपणाच्या किंवा तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सहीही करता येत नाही. तसे केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. माझे नाव एका राज्याच्या नोंदवहीत आहे, त्यामुळे हे कलम मला लागू होऊ नये असे वाटते. परंतु ‘राज्य नोंदवही’ म्हणजे कोणत्याही राज्याची की जेथे बसून रुग्ण तपासायचे त्याच राज्याची, हा पेच उरतोच. 1956 च्या जुन्या कायद्यात भारतीय वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरला देशात कोठेही व्यवसाय करता येईल असे स्पष्ट म्हटले होते. पण तो कायदा 25 सप्टेंबर 2020 रोजी संपुष्टात आला आणि माझी नोंदणी त्यानंतरची आहे. शिवाय मध्य प्रदेशाचा स्वतःचा 1987 चा आयुर्विज्ञान परिषद अधिनियम आहेच.

हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही. केंद्र सरकारच्या 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर भारतातील कोणत्याही भागातल्या रुग्णाला फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देऊ शकतो. म्हणजे पुण्यात बसून मी रामबागेतल्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलून दिल्या तर चालते. मग त्याच आजी समोरच्या स्टुलावर बसल्या असताना त्यांच्या दंडाला पट्टा बांधून मी रक्तदाब मोजला, तर हरकत का असावी? तर्काने पाहता नसावी. पण तर्काच्या भरवशावर दवाखाना उघडण्याची माझी तयारी नाही, कारण उद्या एखाद्या रुग्णाच्या बाबतीत तक्रार झाली तर उपचार कितीही योग्य असले तरी पहिले बोट नोंदणीवरच ठेवले जाईल.

काकांनी प्रेमापोटी एक मार्ग सुचवला आहे. त्यांच्या पॅडवर मी औषधे लिहावीत आणि ते शेजारी बसून खाली सही करतील. त्या पॅडवर नावाखाली त्यांचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे. 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर व पैशांच्या पावतीवर द्यायचा असतो. 2023 मध्ये आलेली नवी आचारसंहिता त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाली, त्यामुळे आजही 2002 चीच लागू आहे. रुग्णाला कोणी तपासले हे त्या क्रमांकावरून कळायला हवे, म्हणून मी काकांना नम्रपणे नकार दिला आहे. मात्र माझ्या नावाच्या पॅडवर महाराष्ट्राचा क्रमांक छापून मधल्या काळात काम सुरू करता येते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. विशेषतः दाखल्यांबाबत, कारण या दवाखान्यात शाळकरी मुलांचे आणि कामगारांचे तंदुरुस्तीचे दाखले वरचेवर मागितले जातात आणि येथील कार्यालयांनी तो क्रमांक न मानल्यास त्रास रुग्णाला होईल.

दुसरी अडचण नावाची आहे. माझी पदवी, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, तर आधार कार्ड सासरच्या नावाने झाले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीच्या पोर्टलवर आधारने ओळख पटवावी लागते. त्यातच महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे 30 गुण लागतात. माझे गुण पूर्ण आहेत आणि नूतनीकरणाची वेळ आली आहे. म्हणून माझा विचार असा आहे की आधी मुंबईला नूतनीकरण व नावातील बदल करून घ्यावा, मग ना हरकत प्रमाणपत्र आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (माझ्यावर कौन्सिलची कारवाई नसल्याचा दाखला) मागावे आणि त्यानंतर भोपाळला अर्ज करावा. नावातील बदलासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र पुरले की राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागले, हे ज्यांनी केले असेल त्यांनी आवर्जून सांगावे. माहेरच्याच नावाने व्यवसाय चालू ठेवणाऱ्या डॉक्टर भगिनींचाही अनुभव वाचायला आवडेल. खरे तर मला तेच अधिक पसंत आहे, पण आधारची अडचण त्यांनी कशी सोडवली?

दवाखान्याचा परवाना हा वेगळा भाग आहे. मध्य प्रदेशात त्यासाठी 1973 चा उपचर्यागृह व रुजोपचार आस्थापनांचा (म्हणजे नर्सिंग होम व दवाखान्यांच्या नोंदणीचा) कायदा आहे आणि अर्ज जिल्ह्याच्या सीएमएचओ (मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी) कार्यालयात करायचा असतो. सुया, ड्रेसिंगचे बोळे असा जैववैद्यकीय कचरा निघत असल्यामुळे 2016 च्या नियमांप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्रही लागते. खाटा नसलेल्या दवाखान्यांना ते एकदाच घ्यावे लागते, ही त्यातली दिलाशाची बाब. ही दोन्ही कागदपत्रे सध्या काकांच्या नावावर आहेत. जागा तीच, पाटी तीच आणि डॉक्टर तेवढा बदलला, तर त्यांत नावाचा बदल करून मिळतो की सारे नव्याने करावे लागते? नव्याने करायचे झाल्यास सीएमएचओ कार्यालय भोपाळची नोंदणी हातात आल्याखेरीज अर्ज घेते का?

काकांच्या जुन्या रुग्णांच्या नोंदी मोठ्या पत्र्याच्या पेटीत गल्लीवार लावलेल्या आहेत. नियमाने दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. काकांनी त्याहून कितीतरी जुन्याही जपल्या आहेत आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी त्या मला मोलाच्या वाटतात. त्या माझ्याकडे घेताना प्रत्येक रुग्णाची लेखी संमती घ्यावी, असे माझे मत आहे. तशी संमती कोणी घेतली असल्यास तिचा मसुदा कृपया येथे द्यावा.

एजंटाकरवी काम उरकून घेण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, पण तो मार्ग मला नको आहे. भोपाळला मूळ कागदपत्रे घेऊन प्रत्यक्ष जावे लागले का, की सारे ऑनलाइन झाले, आणि महाराष्ट्राचे प्रमाणपत्र परत जमा करावे लागले का, एवढे अनुभवी मंडळींनी सांगितले तरी मला पुढच्या आठवड्यात कामाला लागता येईल.