वसाहतोत्तर की उत्तर-वसाहतवादी? (प्रश्नपत्रिका काढायची आहे)

सड्यावरची
चिपळूणच्या बाजूला एका कॉलेजात मराठी शिकवते. तृतीय वर्षाच्या समीक्षेच्या पेपरात 'वसाहतोत्तर समीक्षा' (इंग्रजीत पोस्टकलोनिअल, म्हणजे परकी सत्ता आणि साहित्य यांचं नातं तपासणारी) असा एक घटक आहे. परवा शब्द फळ्यावर लिहिला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, म्हणजे एमआयडीसी आल्यानंतरचं साहित्य का?" वर्ग खिदळला, पण मुलगा थट्टा करत नव्हता. तो लोट्याच्या पलीकडच्या गावातला. लहानपणापासून 'औद्योगिक वसाहत' ही पाटी वाचत आलाय. त्याच वर्गातल्या एका मुलीचं बालपण अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं. वसाहत म्हटल्यावर दोघांपैकी कुणालाच इंग्रज आठवत नाही.
आता प्रश्नपत्रिका काढायची आहे. एक सहकारी म्हणतात 'उत्तर-वसाहतवादी' लिहा, दुसरे 'उत्तर-वासाहतिक' म्हणतात, अभ्यासक्रमात 'वसाहतोत्तर' छापलंय. मुलांना कळेल आणि बाहेरच्या परीक्षकालाही खुपणार नाही असा शब्द कोणता?

तिरफळ
'वसाहतोत्तर' मुळातच अशुद्ध. संस्कृत संधी तत्सम शब्दांना लागतो. 'स्वातंत्र्योत्तर' बरोबर, कारण दोन्ही पदं संस्कृत. 'वसाहत' हा शब्द मराठीच्या अंगणात वाढलेला, त्याला ओढूनताणून सोवळं कशाला नेसवायचं? 'वसाहतीनंतरचे साहित्य' म्हणा. साधं, सरळ. 'साठोत्तरी' म्हणतोच की आपण, तसं काही तरी करता येईल.

गलबत
तिरफळराव, 'साठोत्तरी'तला साठ कधीपासून तत्सम झाला? षष्टी कुठे गेली? आणि रोज ज्याच्या नावाने अर्ज लिहिता तो 'जिल्हाधिकारी'? जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, आणि मधला संधी सरकारमान्य. अर्ज तरी नामंजूर झाला का कधी?

तिरफळ
चूक रूढ झाली म्हणून ती बरोबर ठरत नाही. 'साठोत्तरी'वर आमच्या गुरुजींनी तेव्हाच आक्षेप घेतला होता.

माजघर
मी रत्नागिरीत इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा गुंता दोन्ही टोकांनी माझ्या वाट्याला येतो. संधीपेक्षा मोठी अडचण 'वादी'ची आहे. 'उत्तर-वसाहतवादी कादंबरी' हे शब्द पोराच्या कानावर पडले की तो फोड कुठे करणार? 'उत्तर-वसाहत' वादी, की उत्तरकाळातली 'वसाहतवादी'? दुसऱ्या फोडीत अर्थ थेट उलटा होतो. जिने साहेबाच्या विरोधात लेखणी उचलली तीच साहेबाची पाठराखीण ठरते. एका उत्तरपत्रिकेत मी अक्षरशः असं वाक्य वाचलंय, की चिनुआ अचेबे हे आफ्रिकेतले आघाडीचे वसाहतवादी लेखक होत. मुलाचा दोष नाही, शब्दच फसवा.
इंग्रजीतही याच जागी भांडण आहे, बरं का. 'पोस्ट-कलोनिअल' असं लिहून मध्ये आडवी रेघ दिली तर बरेच जण काळाचा टप्पा समजतात, म्हणजे राज्य गेल्यानंतरचा. रेघ काढली की ती वाचण्याची एक रीत होते, आणि ती राज्य असताना लिहिलेल्या पुस्तकालाही लावता येते. मग शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकातला गुलाम कॅलिबनही त्यात येतो. तुम्ही मला भाषा शिकवलीत, माझा फायदा एवढाच की मला शिव्या देता येतात, हे त्याचं म्हणणं १६११च्या सुमाराचं. तेव्हा इंग्रज सुरतेतही नीट टेकले नव्हते. 'वसाहतीनंतरचे साहित्य' म्हटलंत तर कॅलिबन बाहेर राहिला.
म्हणून माझं मत 'वसाहतोत्तर'लाच. 'उत्तर' म्हणजे जबाबही होतो, हा मराठीचा वरचा नफा. १९८९मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट, ग्रिफिथ्स आणि टिफिन यांच्या ज्या 'द एम्पायर राइट्स बॅक' पुस्तकाने हा विषय कॉलेजांत रुजवला, त्याच्या नावातच साम्राज्याला उलट लिहिण्याची भाषा आहे.

उकडा तांदूळ
आमचो आजो 'साहेबाचा राज्य' म्हणी. माका तरी समाजला. परीक्षकाक समजाचा नाय?

गलबत
आजोबांना पीएच.डी. द्या.
माजघरताई, तुम्ही रत्नागिरीच्या, मग थिबा राजाला का विसरता? १८८५मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, राजाला इथे आणून ठेवलं, १९१६मध्ये तो इथेच वारला. आपल्याकडे 'थिबा पॉइंट' म्हणजे संध्याकाळी खाडी बघायची जागा. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या ज्या कादंबरीत हा राजा आणि ही रत्नागिरी आहे, ती त्यांनी २००१ साली राष्ट्रकुल लेखक पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली. आक्षेप 'राष्ट्रकुल' या नावालाच होता. शिवाय त्या पुरस्काराला फक्त इंग्रजीत लिहिलेली पुस्तकं चालत, यालाही. शब्दावरून पुरस्कार सोडणारा माणूस असतो आणि आपण जोडरेघेवर अडलोय!
आता गंमत बघा. 'कॉमनवेल्थ'मध्ये कुटुंबाचा वासही नाही. 'कुल' आपण घातलं. म्हणजे मराठीत आपण इंग्रजांपेक्षा प्रेमळ.

पेन्शनर
चर्चा छान, पण सगळे एकाच ओटीवर बसून बोलताय. मी दापोलीचा. जुनी माणसं अजून 'काँप दापोली' म्हणतात, कारण इथे लष्कराचा तळ होता. तळ हलला तरी पेन्शनर मंडळी इथे राहिली. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच, १८८६ला निवृत्त झाले. १८८८मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, अस्पृश्यतेवर सवर्णांना सवाल केले. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे जायच्या अर्जाचा मसुदाही त्यांचाच.
आता तुमच्या चौकटीत हा माणूस बसवून दाखवा. त्याचा पहिला जाब इंग्रजाला नव्हता, शेजाऱ्याला होता. इंग्रजाकडे त्याने नोकरी मागितली, कारण तिथे गणवेश, पगार आणि अक्षरओळख मिळत होती. 'वसाहत आली, सगळे गुलाम झाले, मग वसाहत गेली, सगळे मोकळे झाले' असा पाढा 'वसाहतोत्तर' शब्दात लपलेला आहे. आमच्या घरात तो पाढा कधी म्हटला गेला नाही. आणि 'देशी' म्हटलं की सगळं आपोआप निर्मळ, हे देशीवादवाल्यांचं गृहीतकही आम्हाला मान्य नाही. देशीत विटाळही होता.

माजघर
पेन्शनर, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सगळी थिअरी इतकी भाबडी नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' या १९८८च्या निबंधात हाच काटा टोचला होता. गोरा साहेब आणि इथला शिकलेला पुढारी, दोघेही 'तिच्या वतीने' बोलतात, मग जी सगळ्यात खाली आहे तिचं बोलणं कोण ऐकतंय? 'सबाल्टर्न'ला मराठीत कुणी वंचित म्हणतं, कुणी निम्नस्तरीय, कुणी अंकित.

पेन्शनर
सबाल्टर्न! अहो, फौजेत सबाल्टर्न म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी. काँपात तो गोरा लेफ्टनंट असायचा. माझ्या खापरपणजोबांनी ज्याला सलाम ठोकला तो सबाल्टर्न, आणि तुमच्या पुस्तकात खापरपणजोबाच सबाल्टर्न. बढती म्हणायची की काय ही?

गलबत
हे दापोलीत दगडावर कोरून ठेवा.

माजघर
इटलीतला मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीने तुरुंगात लिहिताना तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरला, तिथून तो इतिहासकारांकडे आला. पण विनोद कबूल.
सड्यावरची, तुमच्या मुलांसाठी एक करून बघा. माझ्या वर्गात चालतं. अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीचं शेवटचं पान वाचून दाखवते. नायकाने गळफास घेतलाय, आणि गोरा अधिकारी मनात हिशेब करतोय, की आपल्या होऊ घातलेल्या पुस्तकात या माणसावर प्रकरण लिहावं का? नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. ते वाचून झालं की लगेच रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८०चं गॅझेटियर (इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ) उघडायला लावते आणि म्हणते, आपापला गाव शोधा. कुणाला चार ओळी सापडतात, कुणाला बंदरावरच्या मालाची नोंद, बहुतेकांना काहीच नाही. जातींची वर्णनं वाचताना वर्ग एकदम गप्प होतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याबद्दल 'हे लोक' असं लिहिलंय." तिथून पुढे मला थिअरी फार सांगावी लागत नाही.

तिरफळ
मूळ प्रश्न शब्दाचा होता. याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी इथूनच चालवली. 'महापौर' आज कुणाला खटकतो? तेव्हा हसले होते लोक. परक्या सत्तेचा विचार करायचा तर शब्द तरी स्वतःचा पाहिजे. 'थिअरी', 'सबाल्टर्न' हे काय आहे?

गलबत
मग पगार सोडा, चावी सोडा, साबण सोडा, लिलाव सोडा. सगळे पोर्तुगीज. आणि हापूस? अफोन्सोचा हापूस करून आपण पचवलासुद्धा. २०१८ला भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र 'अल्फान्सो' नावाने, आणि आता आमच्या पेटीवर तेच छापून येतं. झाडावर हापूस, पेटीत अल्फान्सो. माजघरताई, यावर घाला एक प्रश्न, दहा मार्कांचा.

पेन्शनर
सावरकरांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिरही उभं केलं, १९३१ला. त्यातल्या 'पतित' शब्दाची शुद्धी कधी करायची, तेही तिरफळरावांनी सांगावं.

तिरफळ
विषयांतर करू नका.

सड्यावरची
मंडळी, गॅझेटियरची कल्पना उचलली. पण पेपर उद्या पाकिटात घालून द्यायचा आहे. सध्या 'वसाहतोत्तर (वासाहतिक सत्तेला उत्तर देणाऱ्या) साहित्याची वैशिष्ट्ये लिहा' असं लिहिलंय. चालेल ना?
आणि लोट्याच्या त्या मुलाचं एक राहिलं. काल तो वर्गानंतर थांबला होता. म्हणाला, कंपन्या आल्या तेव्हा जमिनी आमच्या गेल्या, दाभोळच्या खाडीतली मासळी गेली, आणि कंपनीचे साहेब बाहेरून आले. मग माझा अर्थ चुकीचा कसा? मला पटकन काही सांगता आलं नाही.

गलबत
त्याला पैकीच्या पैकी द्या.

तिरफळ
कंसातलं स्पष्टीकरण प्रश्नपत्रिकेत शोभत नाही. आणि 'वासाहतिक' कुठल्या सूत्राने केलंत? वसाहतला 'इक' लावून आदिवृद्धी? पुन्हा तेच. प्रत्यय संस्कृत, शब्द मराठी.

माजघर
'सामाजिक'सारखं. चालू द्या हो.

उकडा तांदूळ
पेन्शनरांनु, ता 'काँप' की 'काप'? आमच्याकडे काप म्हणजे नीरफणसाचे.

पेन्शनर
काँप. नाकातून. नीरफणसाचे काप वेगळे, आणि त्यांना तांदळाचं पीठ लावायचं, रवा नाही.

गलबत
रवाच लावतात. तांदळाच्या पिठाने मऊ पडतात.