अँटिबायोटिकनंतर कबुतरं ढिली पडली, काय द्यावं?

गच्चीवाला, मानेवाडा (नागपूर): मागच्या महिन्यात कबुतरांची बीट (विष्ठा) हिरवी पातळ दिसली म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. बीट बसली, पण आधी वर्ध्याहून सोडल्यावर तासाभरात घरी यायचे ते पक्षी आता दोन-अडीच तास लावून राहिले. दह्याचं पाणी देऊ का?

जुना शौकीन: काहून दिलं बे न तपासता? औषध वाईट जंतूंसोबत आतड्यातले चांगलेही मारते, मग दाणा खाऊनही अंगी लागत नाही. लांब उडानीत पक्षी मुख्यतः चरबीवर उडते, पचनच बिघडलं तर साठा कुठून होणार? आधी ताजी बीट घेऊन व्हेटकडे जा, कॉक्सी (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), जंत आहेत का बघून घे. प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जंतू, अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर दे, सोबत दिलं तर बरंचसं फुकट जाऊ शकते.

कामठीकर: दही थोडंसं दाण्याला चोळून दे भाऊ, पाण्यात नको, आपल्या ४५ डिग्रीत दोन तासात वास मारते. माझ्या एका नराची बीट परत गोळीसारखी, वर पांढरी टोपी, अशी व्हायला तीन आठवडे लागले, तोवर सोडलाच नाही.

गच्चीवाला, मानेवाडा: बरं, उद्या सकाळीच बीट घेऊन जातो. रविवारची उडान कॅन्सल.