पाचट गॅसला दिलं, तर जमिनीला काय?

ऊसतोडीनंतर शेतात राहणारी उसाची वाळलेली पानं म्हणजे पाचट. ‘पाचट शेतात वाया जातं, बायोगॅस प्रकल्पाला द्या’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. जाळण्यापेक्षा बरंच, पण एकरी तीन-चार टन पाचट हे जमिनीचंच अन्न आहे. दौंडला आमच्या खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) चार वर्षं काडी लावलेली नाही. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाकून पाणी सोडायचं. भर मे महिन्यात थर बाजूला सारला की खाली माती ओली, भुसभुशीत आणि गांडुळांच्या विष्ठेचे बारीक दाणे. पाण्याची पाळीही लांबते.

प्रकल्पाला पाचट द्यायचंच असेल, तर गॅस काढून उरलेलं खत त्याच शेतकऱ्याला परत मिळेल, ही अट करारात आधी लिहून घ्या.