ग्रामपंचायतीपर्यंत आलेले इंटरनेट पाड्यांपर्यंत कसे न्यावे? (धडगाव परिसर) – मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, सातपुड्यातील एका ग्रामपंचायतीचा मी सदस्य आहे. आमच्या कार्यालयापर्यंत फायबर केबल आली आहे; परंतु गावाची बहुतेक वस्ती दोन ते पाच किलोमीटर अंतरावरच्या पाड्यांमध्ये विखुरलेली आहे. तिथे रेशनसाठी अंगठा घ्यायचा तर दुकानदाराला यंत्र घेऊन रेंज मिळेल त्या टेकाडावर जावे लागते, ई-पीक पाहणीची छायाचित्रे अपलोड होत नाहीत आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलांना बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागते. येत्या ग्रामसभेत आम्ही याविषयी ठराव मांडणार आहोत. त्याआधी काही बाबतींत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट (गावोगावी फायबरने इंटरनेट नेण्याच्या) कार्यक्रमात, ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. एकाच महसुली गावात मोडणारे दूरचे पाडे या मागणीत बसतात का, आणि बसत असतील तर मागणी ग्रामपंचायतीने कोणाकडे नोंदवावी?

दुसरी बाब तंत्राची. पाच गिगाहर्ट्झ पट्ट्यातील बिनतारी यंत्रांना या पट्ट्याच्या बऱ्याच भागात स्वतंत्र परवाना लागत नाही आणि खर्चही कमी येतो, म्हणून अनेकांनी तोच मार्ग सुचवला आहे. मला त्यात दोन अडचणी दिसतात. ही यंत्रे एकमेकांना थेट दिसावी लागतात, आणि आमच्याकडे मधे सागाचे जंगल आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, तेव्हा चाचणी उत्तम होईल. पण पावसाळ्यात त्याच झाडांची भिजलेली मोठी पाने वाटेत आल्यावर जोडणी टिकेल का, हे उन्हाळ्यातील चाचणीवरून कळणार नाही. शिवाय प्रत्येक टप्प्यावर वीज हवी, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज कित्येकदा दिवसभर नसते. फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला (एका केबलमधला सिग्नल अनेक फाट्यांत वाटणाऱ्या साधनाला) वीज लागत नाही. दोन्ही टोकांना सौर पॅनेल आणि बॅटरी बसवली की भागते. म्हणून माझा कल खांबांवरून फायबर नेण्याकडे आहे. अशा डोंगराळ भागात ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांचे मत याहून वेगळे असेल तर अवश्य सांगावे.

वाटेतील काही जमीन वनखात्याची आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये वीज आणि दूरसंचाराच्या तारांसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते, असे मी वाचले आहे. या कलमाखाली केबलसाठी प्रस्ताव कोणी केला असल्यास त्याला कोणती कागदपत्रे जोडली, हे कळले तर आमचे काम बरेच सोपे होईल.

मला सर्वांत जास्त काळजी देखभालीची वाटते. केबल एकदा टाकणे तुलनेने सोपे असते. पण रस्त्याच्या कामात ती तुटली की जोडणारे यंत्र आणि माणूस दूरच्या शहरातून यावा लागतो, आणि तोपर्यंत लोकांचा विश्वास उडतो. पाड्यावरच्या एखाद्या तरुणाला केबल जोडण्याचे प्रशिक्षण कुठे मिळेल? पीएम-वाणी योजनेत दुकानदाराला परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवता येते. पन्नास-साठ घरांच्या पाड्यावर लहान रकमेची कूपने विकून त्यातून राउटर, बॅटरी आणि त्या तरुणाचे मानधन निघते का, की ग्रामपंचायतीने काही वाटा उचलणे भाग पडते? ज्यांनी हे चालवले आहे त्यांनी महिन्याच्या जमाखर्चाचा अंदाज दिला, तर तोच आम्ही ग्रामसभेसमोर ठेवू.

मेळघाट, पालघर किंवा आमच्याच यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातील अनुभव असतील तर ते विशेष उपयोगी पडतील. ठरावाचा मसुदा कोणाकडे असल्यास कृपया इथेच द्यावा.