प्रताप जयंती: ९ मे की ज्येष्ठ शुद्ध तृतीया?

‘महाराणा प्रतापांचा जन्म ९ मे १५४०चा, मग राजस्थान सरकार सुट्टी कधी मेअखेर, कधी जूनमध्ये का देतं? तारीख सोडून तिथी धरणं चूकच,’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. ९ मे ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. ग्रेगरियन कॅलेंडर आलंच १५८२ साली, म्हणजे महाराणा बेचाळीस वर्षांचे असताना. आजच्या पद्धतीने मोजलं तर तो दिवस १९ मे येतो. त्यामुळे ‘खरी तारीख’ म्हणून ९ मेचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मेवाडात जपलेली नोंद आहे ती विक्रम संवत १५९७, ज्येष्ठ शुद्ध तृतीया. म्हणून २०२४ला जयंती ९ जूनला आली आणि २०२५ला २९ मेला.

शिवजयंतीचा १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया हा वाद आपण बघितलेलाच आहे, आणि तिथेही १६३०ची ती तारीख ज्युलियनच आहे. एक फरक मात्र लक्षात घ्या. वद्य पक्षात आपला आणि उत्तरेचा महिना वेगळा पडतो. आपला फाल्गुन वद्य तिकडे चैत्र वद्य असतो. शुद्ध पक्षात तो घोळ नाही. त्यामुळे आपल्या घरातल्या पंचांगात ज्येष्ठ शुद्ध तृतीया उघडा, प्रतापांच्या जन्मस्थानी, कुंभलगडावर पाळला जाणारा दिवस तोच सापडेल. आमच्या घरी त्या संध्याकाळी मुलांना हळदीघाटीबरोबर १५८२ची दिवेरची लढाईही सांगतो. मेवाडचा बराच मुलूख परत मिळवण्याची सुरुवात तिथून झाली, आणि तिचं नाव फार कमी वेळा निघतं याचं मला खरंच वाईट वाटतं.