‘एक गाणं, चार तबकड्या, शून्य अक्कल’: हिशेबी यांना उत्तर

अर्धी_सुई (लीड्स)

हिशेबी यांनी परवा इथे फोरमवर जे लिहिलं ते आधी जसंच्या तसं देतो, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" नको:

"ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश न्यू वेव्हच्या बारा इंची सिंगल जमवणारे म्हणजे एका गाण्याचे चारदा पैसे मोजणारे लोक. गाणं तेच, मध्ये तीन मिनिटं नुसती ढोलकी. कंपन्यांनी तेव्हा पोरांना लुटलं, आता पन्नाशीचे काका स्वतःहून खिसा पुढे करतायत. एक गाणं, चार तबकड्या, शून्य अक्कल."

दोन दिवस गप्प बसलो. शेवटी बायको म्हणाली, लिहून टाक एकदाचं, भांडी आपटू नकोस. नवख्यांसाठी एवढंच: न्यू वेव्ह म्हणजे तेव्हाचं सिंथ-गिटारचं पॉप, आणि बारा इंची सिंगल म्हणजे मोठी तबकडी, पण बाजूला गाणं एकच, लांब रूपात (‘मिक्स’); छोटं रूप सात इंचीवर.

"गाणं तेच" हे कोणी सांगितलं तुम्हाला? ड्युरान ड्युरानचं १९८१चं ‘प्लॅनेट अर्थ’ घ्या. त्याचं बारा इंचीवरचं ‘नाइट व्हर्जन’ म्हणजे सात इंचीची टेप ओढून लांब केलेली नाही, ते बँडनं क्लबसाठी नव्यानं बांधून वाजवलंय. सॉफ्ट सेलचं ‘टेन्टेड लव्ह’ बारा इंचीवर सुप्रीम्सच्या ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’मध्ये असं विरघळतं की सांधा सापडत नाही. सात इंचीवर हीच दोन गाणी दोन बाजूंना वेगवेगळी बसलीयत, शेजारी राहून बोलत नसल्यासारखी. आणि ह्यूमन लीगच्या गाण्यांचे मिक्स करून निर्माता मार्टिन रशेंटनं १९८२मध्ये ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा अल्बम केला, तो कॉम्प्युटरवर बटण दाबून नाही. टेप ब्लेडनं कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, ऐकायची, चुकलं की परत. त्याला तुम्ही ढोलकी म्हणता.

आता ‘रिलॅक्स’. फ्रँकी गोज टू हॉलिवूड, १९८३, झेडटीटी कंपनी, निर्माता ट्रेव्हर हॉर्न. पहिली बारा इंची १६ मिनिटांच्या वर होती आणि तिच्यात मूळ गाणं जवळपास नव्हतंच. लोकांनी तक्रारी केल्या. मग छोटी आवृत्ती आली, मग ‘न्यूयॉर्क मिक्स’. तिन्हींवर कॅटलॉग नंबर एकच! आत कोणती आहे ते कळायला लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर उजेडात तिरका धरून वाचावा लागतो. ह्यात अक्कल लागत नाही म्हणता?

मी १९९८ला मँचेस्टरला शिकायला आलो. तेव्हा सगळे सीडीच्या मागे होते. चॅरिटी शॉपमध्ये बारा इंची जमिनीवर खोक्यांत पडलेल्या, ५० पेन्सला एक. जेवणाच्या पैशांत आठवड्याला दोन घ्यायचो. वाजवायला काही नव्हतं. आठ महिने नुसती कव्हरं बघितली. हिशेब मलाही येतो साहेब.

हिशेबी

आठ महिने वाजवायला यंत्र नसताना रेकॉर्ड घेतल्या, आणि वर "हिशेब मलाही येतो". माझ्या बाजूनं यापेक्षा चांगला पुरावा मी देऊ शकलो नसतो, आभारी आहे.

‘रिलॅक्स’चं उदाहरण तुम्ही स्वतःहून दिलंत हे बरं झालं. एकाच नंबराखाली तीन वेगळे माल विकणाऱ्या वाण्याला आपण काय म्हणतो? पुढच्याच वर्षी ह्याच फ्रँकीवाल्यांचं ‘टू ट्राइब्ज’ ब्रिटनच्या चार्टमध्ये ९ आठवडे पहिल्या नंबरवर. कसं? मिक्समागून मिक्स काढत गेले, आणि चार्टमध्ये सगळ्यांची विक्री एकाच गाण्याच्या नावावर जमा. शाळकरी पोरगं तेच गाणं परत घेतंय, तिकडे नंबर टिकतोय. ह्याला कला म्हणायचं असेल तर म्हणा, मी भिशी म्हणतो.

डेसिबल_देव

धंदा होता हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. सात इंची मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगानं फिरते तेव्हा सगळ्यात बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर प्लास्टिक सरकतं. एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची बारा इंची तबकडी, ३३च्या वेगानं फिरते, तिला साधारण ५१. बारा इंची ४५ला फिरवली की जवळपास ६९. त्यात गाणं एकच, म्हणजे खाचा ऐसपैस. बास, म्हणजे खालचे जड सूर, कोरायला रुंदी लागते, ती मिळते. न्यू ऑर्डरच्या १९८३च्या ‘ब्लू मंडे’चा ड्रम मशीनचा ठोका सात इंचीत घालून बघा, नारळाच्या करवंटीत गणपतीचा ताशा वाजवल्यासारखं होईल.

हिशेबी

आणि १६ मिनिटं एका बाजूला कोंबली की ऐसपैस खाचांचं काय होतं?

डेसिबल_देव

अरुंद होतात. आवाज खाली येतो. हो. बरोबर आहे तुमचं. झालं समाधान?

हिशेबी

झालं. चहा घेऊन आलो.

मीना_क्रॉयडन

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून हसावं की रडावं कळेना. "शाळकरी पोरगं" म्हणे. १९८४ला ते शाळकरी पोरगं मी होते, चौदा वर्षांची, पोरगी. अमेरिकन निर्माता नाइल रॉजर्सनं मिक्स केलेलं ड्युरान ड्युरानचं ‘द रिफ्लेक्स’ वूलवर्थ्सच्या दुकानातून बारा इंचीत घेतलं, दोन आठवड्यांचे साठवलेले पैसे. आई म्हणाली, एवढी मोठी ताटली आणि एकच गाणं? तिचं आणि हिशेबींचं जमलं असतं.

तेव्हा ह्या बँडना "किंचाळणाऱ्या पोरींचे बँड" म्हणून हिणवायचे. गंभीर मुलगे वेगळंच काही ऐकायचे आणि आमच्याकडे बघून नाक मुरडायचे. आता तेच मुलगे पन्नाशीचे होऊन त्याच रेकॉर्ड भिंगाखाली धरतात आणि जाणकार म्हणवतात. मागच्या वर्षी मी माझी विकायला काढली तर घेणारा म्हणतो, "कव्हरवर पेननं नाव लिहिलंय, किंमत अर्धी." अरे, ते माझं नाव आहे! मैत्रिणीकडे पार्टीला न्यायचो, अदलाबदल होऊ नये म्हणून लिहायचो. तो डाग नाही, ती ह्या रेकॉर्डची खरी गोष्ट आहे. विकली नाही मग.

आणि लुटलं वगैरे नाही हं. आम्हाला सगळं कळत होतं. शनिवारी त्या गाण्यावर दोन मिनिटं जास्त नाचायला मिळायचं, त्याचे पैसे दिले.

अर्धी_सुई (लीड्स)

मीनाताई, किंमत अर्धी करणाऱ्यांत मीही आहे. कान पकडतो. एक पकडतो, दुसऱ्यानं ऐकायचंय.

पार्ल्याचा_पांडू

मीनाताई, पार्ट्यांत वाजलेली असेल तर अर्धी खरखर ओरखड्यांची नसते, घाणीची असते. फेकू नका. सुतारकामाचा पांढरा गोंद घ्या, लेबल वाचवून तबकडीवर जाड पसरा, वाळू द्या, सालीसारखा सोला. खाचांतली चाळीस वर्षांची धूळ सोबत येते. मी तीन केल्यात, नवीन झाल्या.

डेसिबल_देव

कृपा करून हे करू नका. एक तुकडा खाचेत राहिला की सुई त्यावर आपटणार. शिवाय सोलताना तबकडीवर इतकी स्थिर वीज चढते की खोलीतली सगळी धूळ पाहुणी येते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं गोल. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. संपलं.

पार्ल्याचा_पांडू

तीन केल्यात म्हटलं ना. तुम्ही किती केल्यात?

डेसिबल_देव

विष किती वेळा पिऊन बघितलं असंही विचाराल.

ठाणे_लोकल

मी स्पिरिट वापरतो, साबणापेक्षा लवकर वाळतं.

आता विषय निघालाय तर माझंही ऐका. इंग्लंडहून ८ पौंडांची बारा इंची मागवली, टपाल २४ पौंड, वर कस्टम. आली ती पापडासारखी वाकडी. तक्रार केली तर म्हणतात, पॅकिंग पाठवणाऱ्याचं. पाठवणारा म्हणतो, ऊन तुमच्याकडचं. तेव्हा हिशेबी, एका गाण्याचे चारदा पैसे ही तुमची कल्पना फार स्वस्तातली आहे. इथे एका पापडाचे चारदा जातात.

डेसिबल_देव

स्पिरिट व्हायनलला, म्हणजे ह्या प्लास्टिकच्या तबकड्यांना, चालतं, पण फक्त व्हायनलला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना थेंबही नको.

ठाणे_लोकल

हे मला पंधरा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर. आजोबांकडे बालगंधर्वांची ७८ची तबकडी होती. त्यांच्या पंचाहत्तरीला सरप्राइज म्हणून मी स्पिरिटनं चकचकीत पुसायला घेतली. बोळा काळा झाला, मला वाटलं घाण निघतेय. अजून जोरात घासलं. आजोबा आत आले, बघितलं आणि म्हणाले, "सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात ती कपाटाला लावायला रे, गाणं पुसायला नाही." फ्रेंच पॉलिश केलं मी नारायणरावांचं. ते नंतर दहा वर्षं जगले, दर दिवाळीला आल्यागेल्याला सांगायचे.

मीना_क्रॉयडन

अरेरे. हसले, पण अरेरे.

पार्ल्याचा_पांडू

म्हणूनच म्हणतो, गोंद. विरघळवायचा प्रश्नच नाही. आज रात्री चौथी करतो, फोटो टाकतो.

ठाणे_लोकल

जुलैत? पार्ल्यात? आमच्याकडे टॉवेल वाळत नाहीयेत.

डेसिबल_देव

निदान रद्दीतल्या एखाद्या रेकॉर्डवर करा हो.

हिशेबी

पंचवीस प्रतिसाद गोंदावर झाले असं वाटायला लागलंय, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. मीनाताईंचं पटलं. म्हणजे तेव्हा घेणाऱ्यांबद्दलचे शब्द मागे, त्यांनी नाचून वसूल केलं. पण आत्ता जमवणारे नाचत नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभे करतात. तुम्ही म्हणाल, मिक्स दुसरीकडे मिळत नाहीत. बहुतेक मिळतात. संग्रह निघाले, नव्या आवृत्त्या निघाल्या. मग जुनीच का? तर कव्हरातल्या भोकांसाठी! ‘ब्लू मंडे’चं ते कापलेलं कव्हर इतकं महाग पडलं की विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला म्हणतात. तोट्यात काढलेला माल चाळीस वर्षांनी चढ्या भावानं घ्यायचा. ह्याला अर्थशास्त्रात शब्द नसेल, मराठीत आहेत, पण इथे लिहिता येत नाहीत.

अर्धी_सुई (लीड्स)

तोट्याची गोष्ट प्रत्येक सांगणारा वेगळ्या आकड्यानं सांगतो. ती काढणाऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्स कंपनीच्या लोकांनाही ती सांगायला आवडायची, त्यामुळे मी ती गोष्ट म्हणूनच ऐकतो. सगळ्यात जास्त खपलेली बारा इंची ती, एवढं मात्र कोणी नाकारत नाही.

पण भोकांना हसू नका. कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलनं न्यू ऑर्डरकडे फ्लॉपी डिस्क बघितली आणि कव्हर तसं कापलं. पुढे बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. कडेला रंगीत चौकोन. त्या रंगांत सगळी माहिती लिहिलीय आणि ती वाचायची किल्ली दुसऱ्याच रेकॉर्डवर, त्याच वर्षीच्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ ह्या एलपीच्या मागच्या बाजूला. म्हणजे सिंगल मार्चमध्ये घेतलीत तर मे महिन्यापर्यंत नुसते रंग बघत बसा. नंतरच्या छपायांत भोकं बुजवली, ती नुसती छापली. हे स्ट्रीमिंगच्या अंगठ्याएवढ्या चित्रात कुठे दिसणार?

नाचत नाही हे मात्र खरं. गुडघे.

हिशेबी

म्हणजे दुसरी रेकॉर्ड घेतल्याशिवाय पहिलीवर काय लिहिलंय ते कळत नाही. अर्धी_सुई, तुम्ही दर प्रतिसादात माझीच बाजू मांडताय, फक्त जास्त प्रेमानं.

रंगांची किल्ली वगैरे मला माहीत नव्हतं. चांगलं आहे. पैसे देण्याइतकं नाही, पण चांगलं आहे.

मीना_क्रॉयडन

माझ्याकडच्या ‘ब्लू मंडे’ला भोकं आहेत. आत चंदेरी पाकीट. मागे पेननं नाव.

अर्धी_सुई (लीड्स)

ताई, विकणार असाल तर पूर्ण किंमत. नावासकट.

मीना_क्रॉयडन

नाही.

पार्ल्याचा_पांडू

मंडळी, एक विचारायचं होतं. चार दिवस झाले. गोंद कडेला वाळलाय, मधे अजून पांढरा आहे आणि ओढला की दोरीसारखा येतो. पंखा लावून ठेवलाय. हेअर ड्रायर चालेल का?

डेसिबल_देव

ड्रायर अजिबात नको, वाकेल. रद्दीतलीच घेतली होतीत ना?

पार्ल्याचा_पांडू

‘टू ट्राइब्ज’.

ठाणे_लोकल

कोणता मिक्स?

पार्ल्याचा_पांडू

मॅट्रिक्स नंबर गोंदाखाली आहे.