बावन्नाव्या वर्षी पंकचा (वेगवान, आरडाओरडीचं रॉक संगीत) नाद; अजून कोणते बँड राहून गेले?

दारव्हा तालुका, कापूस-तूर. हरभऱ्याच्या ओलिताची लाईन रात्री बाराले येते, म्हणून पोराचा जुना मोबाईल घेऊन धुऱ्यावर बसतो. परवा आपोआप 'डेथ' नावाचा बँड लागला. डेट्रॉईटचे तीन काळे भाऊ, हॅकनी. रेकॉर्डिंग १९७५ चं अन् अल्बम निघाला २००९ मध्ये! बँडचं नाव बदला म्हणे रेकॉर्ड कंपनीवाला. त्यातला एक भाऊ डेव्हिड काही हटला नाही. स्वतःच एका सिंगलच्या (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) ५०० प्रती काढल्या. तो २००० मध्येच वारला, म्हणजे पाहून गेला नाही बिचारा. ऐकता ऐकता पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं राहिलं, शेजाऱ्याच्या तुरीत तळं. असं अजून काय आहे?

वर्धेकर: 'द सेंट्स' ऐका. ब्रिस्बेनचे. पहिली सिंगल सप्टेंबर १९७६, लंडनच्या 'द डॅम्ड'च्या एक महिना आधी. पण नाव लंडनचंच झालं.

जुनी कॅसेट: त्याच्याही आधी पेरूच्या लिमा शहरातले 'लॉस साइकोस', १९६५. 'डेमोलिसिओन' लावा, रेल्वे स्टेशन पाडायचं गाणं आहे.

वर्धेकर: पंक शब्द तेव्हा कुठं होता? त्याले गॅरेज रॉक म्हणतात, म्हणजे पंकच्या आधीचं साधं, कच्चं रॉक.

जुनी कॅसेट: नाव काहीही ठेवा, गायक कसा बोंबलतो ते ऐका.

मूळ प्रश्नवाला: ऐकलं. स्टेशन कायले पाडता बाप्पा, आमची शकुंतला रेल्वे आधीच बंद पडून आहे! बायको म्हणते, रानडुकरं हाकलाले स्पीकरवर लावा. आज लावतो.